डबा उघडण्याआधी बादली मोजा

आषाढ लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होतो. उन्हाळ्यात लोक टाइल्स विचारतात, रंग विचारतात. पहिली झड लागली की मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच, पाणी कुठून येतंय आणि त्यावर कोणतं औषध घालू? या वेळच्या पत्रांतली सहा निवडली आहेत. हे सदर पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की इंदुरातल्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काँक्रीटचे क्यूब भरले, पाण्यात ठेवले आणि फोडले. आता निवृत्त आहे, लोकमान्य नगरात राहते, आणि कुणी गच्ची दाखवायला बोलावलं तर अजून जिने चढून जाते.

प्रश्न : काकू, नमस्कार. सुदामा नगरात आमच्या वरच्या मजल्याचं काम चालू आहे, पुढच्या महिन्यात स्लॅब पडेल. मिस्त्री म्हणतो, सिमेंटच्या प्रत्येक गोणीमागे वॉटरप्रूफिंगचं एक पाऊच टाकलं की गच्चीवर कोबा करायचीही गरज नाही. शेजारच्यांनी तसंच केलं होतं आणि पहिल्याच पावसात त्यांचं छत ठिबकायला लागलं. ते औषध खोटं असतं का? आम्ही दुसरं कोणतं घ्यावं? (एक वाचिका, सुदामा नगर)

उत्तर : ताई, औषध खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्या स्लॅबमध्ये पाणी किती ओतलं होतं, हे आधी विचारा. गळक्या छताची गोष्ट बहुतेक वेळा मिक्सरजवळच्या बादलीपाशीच सुरू होते.

सिमेंट घट्ट व्हायला पाणी लागतंच, पण किती? ५० किलोच्या एका गोणीला साधारण २० ते २१ लिटर पुरतं. त्याच्यावर आपण जे घालतो ते माल तगारीतून सरकावा, सळयांच्या खाली शिरावा म्हणून. हे जास्तीचं पाणी सिमेंटशी जोडलं जात नाही. ते पुढे उडून जातं, पण जाताना वाट सोडून जातं. जिथे ते होतं तिथे केसाहून बारीक नळ्या राहतात, आणि पावसाचं पाणी याच नळ्यांनी आत येतं. अमेरिकेत टी. सी. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली या नळ्यांचा हिशेब मांडला. पाणी आणि सिमेंट यांचं वजनाचं प्रमाण ०.४५ असेल आणि सिमेंट सतत ओलं ठेवलं, तर या नळ्यांची साखळी सुमारे एका आठवड्यात तुटते. ०.५० असेल तर दोन आठवडे लागतात, ०.६० ला सहा महिने, ०.७० ला वर्ष. ०.७० च्या पुढे गेलात तर कितीही दिवस पाणी मारा, नळ्या एकमेकींना जोडलेल्याच राहतात. ०.७० म्हणजे गोणीला ३५ लिटर. ‘माल जरा पातळ कर रे’ म्हणत साइटवर जे डबे ओतले जातात ते मोजून पाहा, ३५ लिटर सहज भरतात.

आता तुमच्या मिस्त्रीचं पाऊच. त्यात बहुधा साबणाच्या जातीचं रसायन असेल, स्टिअरेट किंवा ओलिएट. ते सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून नळ्यांच्या आतल्या अंगाला मेणचट, न विरघळणारा थर लावतं. अळवावर पाणी ठरत नाही, तसं मग त्या नळीत पाणी आपणहून चढत नाही. भिंतीवर आपटणारा पाऊस, जोत्यातून वर चढणारी ओल, बाहेरचं प्लास्टर, या जागी हे कंपाउंड उत्तम काम करतं आणि मी ते नेहमी सुचवते. फक्त लक्षात ठेवा, ते नळी बुजवत नाही. मागून दाब मिळाला की पाणी रेटून पुढे जातं. आणि स्लॅबला भेग पडली असेल, वायब्रेटर नीट न फिरल्यामुळे पोकळ्या राहिल्या असतील, किंवा दुपारच्या जेवणामुळे आधीचा माल सुकून नव्याशी सांधला नसेल, तर तिथे कोणतंच पाऊच उपयोगी पडत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्याकडे एक चाचणी होती. १५ सेंटिमीटरच्या क्यूबला खालून ५ बार दाबाने, म्हणजे ५० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाने, ७२ तास पाणी द्यायचं आणि मग क्यूब मधोमध फोडायचा. आत ओलीचा गडद डाग दिसतो. तो वाळायच्या आत पेन्सिलीने त्याची कड आखायची आणि खोली मोजायची. एकदा एका कामावरून दोन संच आले. सिमेंट तेच, गिट्टी तीच, कंपाउंडही दोन्हींत तेवढंच. फरक एवढाच, की दुसरा संच भरताना माल घट्ट वाटला म्हणून कुणीतरी पाणी वाढवलं होतं. पहिल्या संचात ओल बोटाच्या दोन पेरांएवढी शिरली होती. दुसऱ्यात पेन्सिल टेकवायला कोरडी जागाच उरली नव्हती. त्या दिवसापासून कुणी मला ‘कोणतं औषध’ विचारलं की मी ‘कोणती बादली’ विचारते.

तेव्हा तुम्ही असं करा. पाणी कमी करूनही माल सरकता ठेवणारी वेगळी रसायनं मिळतात, त्यांना प्लास्टिसायझर आणि सुपरप्लास्टिसायझर म्हणतात. सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात आणि पाणी त्यांत अडकून पडतं. ही रसायनं कणांना सुटं करतात, आणि अडकलेलं पाणी कामाला येतं. साधी लिग्नोसल्फोनेटची जात साधारण ५ ते १० टक्के पाणी वाचवते, नॅफ्थलीनवाली १५ ते २५ टक्के, आणि पॉलिकार्बोक्सिलेटची ३० टक्क्यांच्या आसपास. माझ्या मते गच्चीच्या स्लॅबसाठी पैसे खर्चायचे तर पहिले या डब्यावर खर्चा, त्यानंतर उरले तर पाऊचवर. एम २० ताकदीच्या मालाला आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालवून घेतं. तुम्ही एम २५ धरा, सुपरप्लास्टिसायझर घ्या आणि २२ ते २३ लिटरवर थांबा.

पावसाळ्यात एक गोष्ट मिस्त्रीच्या ध्यानात राहत नाही. ओली रेती स्वतःच पाणी घेऊन येते. एका गोणीमागे ८० किलोच्या आसपास रेती पडते. तिच्यात ५ टक्के ओल असेल तर ४ लिटर पाणी तिथेच झालं. रंगाच्या रिकाम्या बादलीवर दोन रेघा मारा, एक कोरड्या रेतीच्या दिवसाची आणि एक ओल्या रेतीच्या दिवसाची. स्लॅबच्या दिवशी घरातलं एक विश्वासाचं माणूस मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसवा. पाहुण्यांना पेढे वाटायला दुसरं कुणी मिळेल.

हे मी अधिकाराने सांगते, कारण स्वतःच्या घरात ते माझ्याकडून झालं नाही. १९९६ साली आमचा स्लॅब पडला त्या दिवशी मला प्रयोगशाळेतून रजा मिळाली नव्हती. दुपारी ऊन चढलं, माल सुकायला लागला आणि ठेकेदाराच्या माणसांनी पाइप सोडला. पुढच्या श्रावणात देवघरावरचा कोपरा ओला झाला. सासूबाई रोज सकाळी पूजेआधी तिथे परात ठेवायच्या आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ती परात मला अजून दिसते.

राहिलं पाणी मारणं. स्लॅब ओतल्यावर पहिले काही तास त्याला ऊन-वाऱ्यापासून झाका. वरचा थर झपाट्याने वाळला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. माल आवळला की सिमेंट-रेतीच्या क्यारी करून पाणी भरून ठेवा. साध्या सिमेंटला आयएस ४५६ किमान ७ दिवस सांगतं. राखमिश्रित पीपीसीला किमान १० दिवस सांगतं आणि १४ पर्यंत वाढवा अशी शिफारस करतं. आपल्याकडे दुकानात आज बहुतेक पीपीसीच मिळतं, तेव्हा १४ धरा.

आणि कोबा रद्द करू नका. स्लॅब कितीही चांगला झाला तरी गच्चीला उतार लागतो, १०० ला १ तरी, आणि कठड्याच्या पायाशी गोल वाटा, म्हणजे सांधा झाकणारी सिमेंटची गोलाई लागते. गच्च्या मधोमध कमी गळतात. कठड्याचा सांधा, पाणी जाण्याच्या पाइपाचं तोंड आणि टाकीचे पाय रोवलेली जागा, इथे जास्त गळतात.

प्रश्न : घराचा पाया चालू आहे. कंपाउंड दुप्पट घातलं तर ओल दुप्पट थांबेल का? दुकानदार म्हणाला, नुकसान काहीच नाही. (एक वाचक, महू)

उत्तर : नुकसान आहे. साबणाच्या जातीचं कंपाउंड जास्त झालं की मालात हवेचे फुगे धरतात आणि ताकद कमी होते. सुपरप्लास्टिसायझर जास्त झालं तर गिट्टी खाली बसते आणि वर नुसता लगदा तरंगतो. लिग्नोसल्फोनेट जास्त झालं तर माल दुसऱ्या दिवशीही कच्चा राहतो. गोणीला २०० मिली लिहिलं असेल तर २०० मिलीच, मापाने, आणि मिसळण्याच्या पाण्यात घालून. कोरड्या सिमेंटवर शिंपडू नका. दोन वेगळ्या कंपन्यांची रसायनं एकाच मालात एकत्र करू नका. वॉटरप्रूफिंगच्या डब्यावर आयएस २६४५ आणि प्लास्टिसायझरच्या डब्यावर आयएस ९१०३ छापलेलं आहे ना ते पाहा. लवकर घट्ट होण्यासाठी म्हणून कुणी क्लोराइड असलेलं काही सळईच्या कामात घालायला दिलं तर घेऊ नका, त्याने लोखंड गंजतं.

प्रश्न : ताई, माझं वय ७८. रामबागेतला आमचा वाडा आजोबांनी बांधला. वडील सांगत, गच्चीच्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर आणि मेथीचं पाणी घातलं होतं. ती गच्ची माझ्या लहानपणी एकदाही गळली नाही. आता मागच्या अंगाला दोन खोल्यांवर सिमेंटचा स्लॅब टाकतो आहे. बाजारच्या रसायनांपेक्षा गूळ आणि बेल घालावं असं माझ्या मनात आहे. मिस्त्री हसतो. (एक वाचक, रामबाग)

उत्तर : काका, मिस्त्रीने हसायला नको होतं. तुमच्या वडिलांनी सांगितलं ते खरं आहे आणि त्यामागे पिढ्यांचं शहाणपण आहे. पण ते शहाणपण चुन्याचं आहे, सिमेंटचं नाही. या पत्राला मी जरा सविस्तर उत्तर देते, कारण स्लॅब पडायच्या आत ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

चुना हवेतून घट्ट होतो. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. याला महिनोन् महिने लागतात. गुळाच्या पाण्याने चुना कमी पाण्यात मऊ मळला जायचा. बेलाचा गर आणि मेथीचा चिकटपणा त्याला बांधून ठेवायचा, भेगा पडू द्यायचा नाही. म्हणजे आज आपण डब्यातून जे विकत आणतो, पाणी कमी करणारं आणि बांधून ठेवणारं, तेच काम तेव्हा स्वयंपाकघरातल्या आणि परसातल्या वस्तूंनी होत होतं. आणि एक गोष्ट वडील कदाचित सांगायचे राहिले असतील. गच्चीवर चुना पसरला की माणसं ओळीने बसून लाकडी थापीने तो दिवसचे दिवस बडवत. बडवून बडवून पाणी वर यायचं आणि आतल्या पोकळ्या मिटायच्या. त्या गच्चीत गुळाचा वाटा होता, तेवढाच थापीचाही होता.

सिमेंटचं उलट आहे. ते हवेने नाही, पाण्याशी होणाऱ्या क्रियेने घट्ट होतं आणि साखर नेमकी तीच क्रिया अडवते. साखरेचे रेणू सिमेंटच्या कणांवर बसून राहतात आणि पुढचं काही होऊ देत नाहीत. वजनाच्या ०.०५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या गोणीला फक्त २५ ग्रॅम साखर, माल घट्ट व्हायला काही तास उशीर करते. ०.२ टक्क्यांपासून, म्हणजे गोणीला १०० ग्रॅमच्या पुढे, माल घट्ट होणंच जवळजवळ थांबतं. १०० ग्रॅम म्हणजे गुळाचे तीन-चार खडे! आमच्या प्रयोगशाळेत एकदा एका साइटवरचे क्यूब चोवीस तासांनी साचे उघडताना ओल्या मातीसारखे ढासळले. शोध घेतला तेव्हा कळलं, की साइटवर पाणी आणायचं पिंप आदल्या दिवसापर्यंत गुळाच्या काकवीचं होतं आणि ते नुसतं वरवर विसळलं होतं. ते खांब पुन्हा तोडावे लागले.

याच गुणाचा मापात उपयोगही होतो. उन्हाळ्यात दुरून ट्रकने येणाऱ्या मालात तो उशिरा आवळावा म्हणून जी रसायनं घालतात, त्यांतली कित्येक साखरेच्याच कुळातली असतात. पण ती ग्रॅमवर मोजलेली असतात. घरच्या गुळात साखर किती हे कुणीच सांगू शकत नाही.

तेव्हा नव्या स्लॅबमध्ये गूळ नको, बेल नको. पण काका, एक विनंती आहे. जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतींना आणि गच्चीला सिमेंटचं प्लास्टर लावू नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचं कवच बसलं की ओल आत कोंडते आणि विटा पीठ होऊन गळायला लागतात. तिथली डागडुजी चुना आणि सुरखीने करून घ्या. भाजक्या विटेची पूड चुन्यात मिसळली की तो पाण्यातही घट्ट होतो. तिथे तुमचा गूळ आणि बेल आनंदाने घाला, आणि थापीने बडवणारा माणूस शोधा. असा माणूस सापडला तर मलाही कळवा, मी पाहायला येईन.

प्रश्न : काकू, मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन, ‘तू’ म्हणालात तरी चालेल. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून अंगणात जमिनीखाली दोन मीटर खोल टाकी करतो आहे. ठेकेदार म्हणतो विटांची करू, आतून वॉटरप्रूफ प्लास्टर मारू, निम्म्या खर्चात होईल. एका मित्राने क्रिस्टलाइन नावाच्या पावडरीबद्दल सांगितलं. जमीन काळी आहे. (एक वाचक, राजेंद्र नगर)

उत्तर : बाळा, जमीन काळी आहे हे तू शेवटी लिहिलंस, पण उत्तर तिथूनच सुरू होतं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात फाटते. तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विटांची टाकी या ओढाताणीत वाकू शकत नाही, तडकते. आतलं प्लास्टर तिच्याबरोबर तडकतं, मग ते वॉटरप्रूफ असो की नसो. नर्मदेचं पाणी १९७८ पासून, सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या नर्मदाकाठच्या जलूदहून वर चढवून आपल्याकडे येतं. ते आपल्या अंगणातल्या मातीत मुरवायचं नाही. टाकी आरसीसीचीच कर.

दोन मीटर खोल पाण्याचा तळावर भार किती, तर दर चौरस मीटरला २ टन. इथे अळवाच्या पानाचं रसायन पुरत नाही, इथे नळी बुजवणारं हवं. क्रिस्टलाइन पावडर तेच करते. तिच्यातली रसायनं पाणी आणि सिमेंटमधला चुना यांच्याशी मिळून नळ्यांच्या आत सुईसारखे स्फटिक वाढवतात. पाणी थांबलं की स्फटिकांची वाढ थांबते. पुढे कधी बारीक भेग पडून पाणी आलं की ते पुन्हा वाढायला लागतात. ०.३ ते ०.४ मिलिमीटरपर्यंतची स्थिर भेग ते मिटवू शकतात. उघडझाप करणारी, हलती भेग मिटवू शकत नाहीत. अनेक पावडरींचं प्रमाण सिमेंटच्या ०.८ ते १ टक्का असतं, म्हणजे गोणीमागे ४०० ते ५०० ग्रॅम. तुझ्या पाकिटावर असेल ते पाळ आणि पिण्याच्या पाण्याला चालते असं प्रमाणपत्र दुकानदाराकडून लेखी घे.

पण पावडरीआधी पाण्याच्या टाक्यांचं आयएस ३३७० वाच किंवा तुझ्या इंजिनिअरला वाचायला लाव. त्यात किमान एम ३० काँक्रीट आणि पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या आत सांगितलं आहे. म्हणजे गोणीला साडेबावीस लिटर, रेतीतली ओल धरून.

टाकी जिथे खरोखर गळते ती जागा म्हणजे तळ आणि भिंत यांचा सांधा. तळ आज ओततात, भिंत चार दिवसांनी. मधल्या काळात तळाच्या काँक्रीटवर दुधावर येते तशी साय धरते. ती छिन्नीने खरवडून गिट्टी उघडी करायची, धुवायची, आणि मगच पुढचा माल टाकायचा. भिंतीचा पहिला १५ सेंटिमीटरचा टप्पा तळाबरोबरच ओतून घेतला तर सांधा कोपऱ्यातून वर येतो आणि नीट भरता येतो. त्या सांध्यात पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी सलग बसव. तिला खिळे मारून भोकं पाडू देऊ नकोस, मधोमध ताठ उभी राहील अशी ती सळयांना तारेने बांधायला सांग. पाइप जातील तिथे कॉलर असलेले तुकडे आधीच रोवून घे, मागून भिंत फोडायला लावू नकोस. शटरिंगच्या पत्र्यांना धरणाऱ्या तारांची भोकंही बुजवायला विसरू नकोस.

मग १४ दिवस ओलं ठेव, टाकी भर, आणि आठवडाभर नुसती राहू दे. काँक्रीट आधी स्वतः पाणी पितं. आठव्या दिवशी पाण्याच्या पातळीवर भिंतीला खूण कर, झाकण बंद कर आणि आणखी सात दिवसांनी पाहा. बाहेरच्या बाजूने माती भरायची ती या परीक्षेनंतरच. आधी भरलीस तर गळती कुठे आहे ते कधीच दिसणार नाही.

प्रश्न : देवासला आमचं चाळीस वर्षांचं विटांचं घर आहे. खालच्या खोल्यांत गुडघ्यापर्यंत भिंतीला लोणा लागतो, पोपडे पडतात. दरवर्षी दिवाळीआधी रंग लावतो, होळीपर्यंत पुन्हा तेच. आता कुणी म्हणतं कंबरेपर्यंत वॉटरप्रूफ सिमेंटचं प्लास्टर करून ऑइल पेंट मारा. (एक दांपत्य, देवास)

उत्तर : मारू नका. ओल विटांतून वर चढते आहे. तिला बाहेर पडायची जागा बंद केलीत तर ती कंबरेच्या वर चढेल आणि पुढच्या वर्षी पोपडे खिडकीच्या चौकटीला लागतील.

तुमच्या घराला जोत्याचा ओलरोधक थर, ज्याला साइटवर डीपीसी म्हणतात, तो एक तर घातलेला नाही किंवा फुटला आहे. नवं बांधणाऱ्यांनी हा थर १:२:४ (सिमेंट, रेती, गिट्टी) काँक्रीटचा ४० मिलिमीटर जाड, कंपाउंड घालून, सगळ्या भिंतींखालून सलग करून घ्यावा आणि वर गरम डांबराचा लेप द्यावा. घराच्या खर्चात तो कुठे दिसतही नाही.

तुमच्यासाठी क्रम असा. आधी बाहेर पाहा : जोत्याला लागून कुंड्या, बाग, फुटका पाइप, अंगणाचा भिंतीकडे उतार. मी पाहिलेल्या अशा बऱ्याच घरांत निम्मी ओल इथेच थांबली. मग आतलं प्लास्टर डागाच्या वर अर्धा मीटरपर्यंत काढून टाका. जमिनीलगतच्या विटांच्या सांध्यात १०–१२ सेंटिमीटरवर एकेक भोक पाडून त्यात सिलेन-सिलोक्सेनचं रसायन भरतात, ते विटांत पसरून नवा ओलरोधक पट्टा तयार होतो. हे काम माहीतगार माणसाकडूनच करवून घ्या. यानंतर थांबायचं. भिंत वाळायला जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक महिना लागतो, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. या काळात वर येणारं मीठ कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. धुतलंत तर ते विरघळून पुन्हा आत जातं. शेवटी चुन्याचं प्लास्टर आणि श्वास घेणारा रंग. एक दिवाळी भिंत उघडी राहील. राहू द्या, तिथे रांगोळीची पाटी टेकवा.

प्रश्न : तिलक नगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी येते, साड्यांना वास लागतो. वर-खाली कुणाकडेच गळती नाही. सोसायटी म्हणते बाहेरून वॉटरप्रूफिंग करू, प्रत्येकाने पैसे काढा. (एक वाचिका, तिलक नगर)

उत्तर : पैसे काढण्याआधी दोन दिवस द्या, ताई. कपाट सरकवा. भिंतीवर हातभर लांब-रुंद ॲल्युमिनियमचा कागद ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब कागदाच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते आहे आणि सोसायटी बरोबर आहे. थेंब तुमच्या बाजूला असतील तर ती खोलीतलीच वाफ आहे, स्वयंपाकाची, आंघोळीची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची. ती थंड भिंतीवर दवासारखी बसते. मग बाहेरून कितीही लेप लावा, बुरशी येतच राहील. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, न्हाणीघरात हवा ओढणारा पंखा लावा आणि कपडे गॅलरीत वाळवा.

पुढच्या अंकासाठी पत्र लिहिताना इतकं जरूर कळवा : ओल कोणत्या महिन्यात दिसते, पाऊस थांबल्यावर किती दिवस टिकते, जमिनीपासून किती उंचीवर आहे, आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे. नवं काम असेल तर गोणीमागे किती लिटर पाणी घातलं तेही लिहा.